आमोर्गोसच्या लांगादा गावात निवांत आठवडा: बेतापासून परतीच्या बोटीपर्यंत

ग्रीसची सहल म्हटली की आपल्याकडे बहुतेक वेळा अथेन्स, मिकोनोस, सँटोरिनी असा ठरलेला बेत निघतो. दर दोन दिवसांनी बॅगा भरायच्या, बंदर गाठायचं, नवीन हॉटेलात जायचं. बघून बरंच होतं, पण विसावा मिळत नाही. ग्रीक बेटावर खरोखर शांत सुट्टी हवी असेल तर एकच बेट निवडा, त्यातलं एकच गाव निवडा आणि तिथे किमान सात रात्री राहा. पहिले दोन दिवस गाव कळण्यातच जातात. बस कुठे थांबते, पाव कधी संपतो, वारा कुठल्या बाजूने येतो हे समजलं की मग पुढचे पाच दिवस आपले असतात.

असं गाव म्हणून मी आमोर्गोस बेटावरचं लांगादा सुचवते. आमोर्गोस हे सायक्लाडीस द्वीपसमूहातलं अगदी पूर्वेकडचं, लांबट आणि डोंगराळ बेट. लोकवस्ती सुमारे दोन हजार. इथे विमानतळ नाही, आणि बेटाची शांतता टिकली आहे ती प्रामुख्याने त्यामुळेच. अथेन्सहून बोटीने सात ते नऊ तास लागतात, त्यामुळे एका दिवसाची गर्दी इथवर येत नाही. जो येतो तो राहायला येतो.

पायरी 1: बेटावर नेमकं कुठे राहायचं

हा निर्णय सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून त्यावर वेळ घालवा. नकाशावर बेट लहान दिसतं, पण मधे डोंगराचा कणा आहे आणि सर्वात उंच शिखर, क्रिकेलोस, 800 मीटरच्या वर जातं. एका टोकाच्या गावात राहून दुसऱ्या टोकाला रोज जाणं त्रासाचं होतं.

काटापोला हे मुख्य बंदर. खोल, सुरक्षित खाडी, पाण्याकाठी खानावळी, दवाखाना, दुकानं, बसची सोय. ज्यांच्याबरोबर ज्येष्ठ मंडळी आहेत किंवा ज्यांना चढउतार नको, त्यांनी इथेच राहावं. सपाट रस्ता ही बेटावर दुर्मीळ गोष्ट आहे. गावाच्या वरच्या टेकडीवर मिनोआ या प्राचीन नगराचे अवशेष आहेत.

खोरा हे बेटाचं मुख्य गाव, समुद्रापासून वर, डोंगरात. चाच्यांच्या भीतीने समुद्रापासून दूर वसवलेलं. मधोमध एक उभा खडक आणि त्यावर जुना किल्ला, त्याभोवती पांढरी घरं, अरुंद गल्ल्या, मागच्या कड्यावर पवनचक्क्यांची रांग. दिसायला बेटावरचं सगळ्यात सुंदर गाव. पण उन्हाळ्यात संध्याकाळी इथेच लोक जमतात आणि वाराही इथे चांगलाच लागतो.

एयिआली हे उत्तरेकडचं दुसरं बंदर. वाळूचा लांब किनारा आहे, समुद्रस्नान रोज करायचं असेल तर सोयीचं. या खाडीच्या वर डोंगरउतारावर तीन गावं आहेत: पोटामोस, थोलारिया आणि लांगादा.

थोलारिया आणि लांगादा यांत निवडताना मी लांगादाकडे झुकते. थोलारिया आकाराने लहान आणि अधिक उघडं आहे, समुद्राचा देखावा तिथून जास्त मोकळा दिसतो, आणि प्राचीन एयिआली नगर जिथे होतं ती विग्ला टेकडी त्याच्या शेजारीच आहे. लांगादा मात्र डोंगराच्या कुशीत आहे, वाऱ्यापासून थोडं सांभाळलेलं. गावाच्या मधून दगडी पायऱ्यांची एक वाट चढत जाते आणि गाव त्या वाटेभोवतीच आहे. गाड्या गावाबाहेर थांबतात. पायऱ्यांच्या फरशांच्या कडा दर वर्षी चुन्याने रंगवतात, त्यामुळे चांदण्यातही पाऊल कुठे टाकायचं ते दिसतं. कुणाच्या तरी भिंतीवरून बोगनवेल खाली आलेली असते, कोपऱ्यावर मांजरं, आणि सकाळी शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा वरच्या उतारावरून ऐकू येतात. मोटारीचा आवाज नाही, हीच इथे राहण्याची मुख्य कमाई.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. लांगादातून खाली समुद्रावर जायचं तर बस, गाडी किंवा जुनी दगडी पायवाट. पायवाटेने उतरायला अर्धा-पाऊण तास धरा, चढायला जास्त. गुडघ्यांची तक्रार असेल तर खाली एयिआलीत राहा आणि संध्याकाळी बसने वर या.

पायरी 2: महिना ठरवा

मेचा मध्य ते जूनअखेर, किंवा सप्टेंबर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा. या दोन काळांतच जा.

मेमध्ये डोंगर हिरवे असतात, रानफुलं असतात, चालायला हवा उत्तम. समुद्र मात्र थंड, साधारण 19-20 अंश. सप्टेंबरमध्ये उलट: उतार वाळून सोनेरी झालेले असतात, पण पाणी 24 अंशांच्या आसपास आणि पोहायला सुखाचं. ज्यांना चालायचं आहे त्यांनी मे, ज्यांना पाण्यात राहायचं आहे त्यांनी सप्टेंबर.

जुलै-ऑगस्टमध्ये मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. आकाश निरभ्र असतं आणि तरीही दिवसचे दिवस वारा थांबत नाही. बोटी रखडतात, खोल्या महागतात, ऑगस्टमध्ये ग्रीक लोकांचीच सुट्टी असते. शाळेच्या सुट्ट्यांमुळे आपल्याला मे सोयीचा पडतो हे चांगलंच आहे. नोव्हेंबर ते मार्च बहुतेक खानावळी आणि खोल्या बंद असतात.

ऑर्थोडॉक्स ईस्टर हा ग्रीसचा सर्वांत मोठा सण. त्याची तारीख बऱ्याचदा पाश्चात्त्य ईस्टरपेक्षा वेगळी येते; 2027 मध्ये तो 2 मेला आहे. त्या आठवड्यात बेटावर असणं हा फार सुंदर अनुभव आहे, पण बोटी आणि खोल्या काही महिने आधी ठरवाव्या लागतात, आणि तो आठवडा शांत नसतो. मध्यरात्री घंटा, फटाके, सगळं गाव रस्त्यावर.

पायरी 3: व्हिसा

ग्रीस शेंगेनमध्ये आहे, म्हणजे भारतीय पासपोर्टधारकांना अल्पमुदतीचा शेंगेन व्हिसा लागतो. प्रौढांसाठी शुल्क 90 युरो, 6 ते 12 वर्षांच्या मुलांसाठी 45 युरो, शिवाय व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. अर्ज प्रवासाच्या आधी जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस करता येतो. पंधरा दिवसांवर मुळीच थांबू नका. उन्हाळ्यासाठी भेटीच्या वेळा लवकर भरतात, तेव्हा अडीच-तीन महिने आधी अर्ज द्या.

वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोंचा आणि सर्व शेंगेन देशांत चालणारा हवा. बँकेचे व्यवहार, आयकर विवरणपत्र, नोकरीचं किंवा धंद्याचं पत्र, विमानाचं आरक्षण आणि राहण्याच्या पत्त्याचा पुरावा. गावातल्या लहान खोल्यांचे मालक कधीकधी नुसता एका ओळीचा होकार पाठवतात. तेवढ्याने भागत नाही. त्यांच्याकडून नाव, तारखा, पत्ता आणि भाड्याची रक्कम असलेलं पत्र मागून घ्या, किंवा रद्द करता येईल असं ऑनलाइन आरक्षण करा. दुबई, लंडन, सिंगापूर अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी मंडळींना अर्ज राहत्या देशातूनच करावा लागतो.

आपलं वेळापत्रक साधं असणं इथे फायद्याचं ठरतं. दोन रात्री अथेन्स, आठ रात्री आमोर्गोस, एवढा स्वच्छ आराखडा वाचणाऱ्याला लगेच पटतो.

पायरी 4: बोट

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून सावकाश सांगते.

अथेन्सच्या विमानतळावरून पिरेअस बंदराला मेट्रोची 3 क्रमांकाची लाइन थेट जाते, साधारण तासाभरात. रात्री-अपरात्री उतरलात तर एक्स 96 ही बस चोवीस तास असते. पिरेअस हे बंदर अवाढव्य आहे. त्याचे फाटक इ 1, इ 2 असे क्रमांकाने ओळखले जातात आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायला वेळ लागतो. बोट कुठल्या फाटकावरून सुटते ते त्या दिवशी पुन्हा तपासा आणि तासभर आधी पोहोचा.

तिकीट काढताना पहिली गोष्ट बघा: बोट कुठल्या बंदराला लागते. आमोर्गोसला दोन बंदरं आहेत, काटापोला आणि एयिआली. काही फेऱ्या एकाच बंदराला लागतात. लांगादाला जायचं तर एयिआली हवं. काटापोला पडलं तर मध्यरात्री डोंगर ओलांडून यावं लागतं. दुसरी गोष्ट, पोहोचण्याची वेळ. संध्याकाळी पिरेअसहून निघालेली मोठी बोट पारोस, नाक्सोस करत मध्यरात्रीनंतर पोहोचते. अशा वेळी खोलीच्या मालकांना बोटीचं नाव आणि वेळ आधीच कळवा. बरेच जण स्वतः घ्यायला येतात, पण ते गृहीत धरू नका, विचारा.

मोठी संथ बोट की जलद बोट? मी मोठीच घ्या असं सांगेन. जलद बोट आधी पोहोचते, पण लाटांत जास्त हलते आणि वारा वाढला की आधी रद्द होते. मोठ्या बोटीत उघड्या डेकवर बसता येतं आणि तिकीटही स्वस्त पडतं.

बोटीत चढण्याची पद्धत पहिल्यांदा बघणाऱ्याला बावचळून टाकते. मागचा प्रचंड लोखंडी दरवाजा धक्क्यावर टेकतो आणि ट्रक, गाड्या, माणसं एकाच वेळी आत शिरतात. आत गाड्यांच्या डेकवरच सामानाचे कप्पे असतात आणि त्यांवर बेटांची नावं लिहिलेली असतात. आपल्या बेटाच्या कप्प्यात मोठी बॅग ठेवायची, पासपोर्ट, औषधं, पैसे जवळ ठेवायचे आणि जिन्याने वर जायचं. उतरताना आपल्या बेटाची घोषणा झाली की लगेच खाली या. धक्क्याला टेकण्याआधीच दरवाजा उघडायला लागतो, डिझेलचा वास, साखळ्यांचा खडखडाट, आणि थांबा काही मिनिटांचाच असतो. झोप लागण्याची भीती असेल तर फोनवर गजर लावून ठेवा.

नाक्सोसला थांबून यायचं असेल तर तिथून स्कोपेलितिस नावाची छोटी बोट इराक्लिया, स्खिनुसा, कुफोनिसी, दोनुसा अशी लहान बेटं घेत आमोर्गोसला येते. दिवसाउजेडी प्रवास, लहान लहान धक्के, गावकऱ्यांचं सामान उतरणं-चढणं. समुद्र शांत असेल तर याहून सुंदर वाट नाही. पोट हळवं असेल तर मोठ्या बोटीनेच या.

वारा फार वाढला की बंदर प्राधिकरण बोटींना सुटायला बंदी करतं. मग तिकिटाचे पैसे परत मिळतात किंवा पुढच्या बोटीत जागा मिळते. खलाशांचे संपही होतात, 1 मेला तर बहुधा असतोच. त्यामुळे परतीचं विमान असलेल्या दिवशी बेटावरून निघायचा बेत कधीही करू नका. अथेन्समध्ये एक रात्र, जमल्यास दोन, मोकळ्या ठेवा.

पायरी 5: खोली

लांगादात मोठी हॉटेलं नाहीत. घरगुती खोल्या, लहान स्वयंपाकघर असलेले स्टुडिओ, एक-दोन टुमदार हॉटेलं. स्वयंपाकघर असलेली खोलीच घ्या. सकाळचा चहा आपल्या हाताचा झाला की दिवस बरा सुरू होतो.

विचारायचे प्रश्न असे: गाडी थांबते तिथून खोलीपर्यंत किती पायऱ्या आहेत? खोलीला सावलीतली गच्ची आहे का? नळाचं पाणी पिण्याजोगं आहे का? या कोरड्या बेटांवर पाणी जपून वापरतात, तेव्हा लांबलचक आंघोळी टाळा. जुन्या सांडपाण्याच्या नळ्या अरुंद असल्यामुळे टॉयलेट पेपर कमोडमध्ये टाकत नाहीत, शेजारच्या डब्यात टाकतात. हा नियम कसोशीने पाळा.

भाड्याशिवाय एक शासकीय आकार लागतो, हवामान आपत्तींसाठी घेतला जाणारा. एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये तो निवासाच्या दर्जानुसार दर खोलीमागे रात्रीला साधारण 2 ते 15 युरो असतो. आरक्षणात तो धरलेला नसतो, तिथे गेल्यावर भरावा लागतो.

पायरी 6: सामान

चाकाची मोठी बॅग पायऱ्यांवर निरुपयोगी आहे. पाठीवरची पिशवी किंवा हाताने उचलता येईल अशी लहान बॅग न्या. पकड असलेले बूट, खडकाळ किनाऱ्यासाठी पाण्यातली पादत्राणं, टोपी, वाऱ्यासाठी पातळ जॅकेट. मेमध्ये रात्री स्वेटरही लागतो. पायरी 9 मधल्या मठासाठी पूर्ण पायजमा किंवा पँट, बायकांसाठी गुडघ्याखाली येणारा स्कर्ट आणि खांदे झाकणारं वस्त्र. पंजाबी ड्रेस किंवा लांब कुर्ता-स्कर्ट असेल तर प्रश्नच नाही.

खाण्याच्या बाबतीत युरोपीय संघाचा नियम कडक आहे. बाहेरच्या देशातून मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खवा, पनीर, श्रीखंडवडी घरीच ठेवा. ताजी फळंही नेऊ नका. चिवडा, भडंग, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, लोणच्याची लहान बाटली चालते. औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा. कोडीन असलेली खोकल्याची औषधं ग्रीसमध्ये नियंत्रित आहेत, तेव्हा ती शक्यतो टाळा.

पायरी 7: गावाच्या वेळेशी जुळवून घ्या

सकाळी लवकर उठा. आठच्या आत गाव जागं असतं, पाव ताजा असतो, ऊन कोवळं असतं. कामाचं, चालण्याचं सगळं बारापर्यंत उरका. दुपारी तीन ते साडेपाच ही उन्हाळ्यातली शांततेची वेळ आहे आणि ती नुसती रीत नाही, नियम आहे. रात्री अकरा ते सकाळी सातही तसंच. त्या वेळेत गच्चीवर मोठ्याने फोन, गाणी, मुलांचा आरडाओरडा नको. दुपारी दुकानांची दारं लागलेली दिसली तर निराश होऊ नका, तुम्हीही झोपा. गाव पुन्हा उघडतं सहानंतर, आणि जेवणं रात्री नऊला.

वाटेत कुणी दिसलं की आपणहून बोला. सकाळी कालिमेरा, संध्याकाळी कालिस्पेरा, आभार मानायला एफ्खारिस्तो. दारात खुर्ची टाकून बसलेल्या आजी-आजोबांना ओलांडून मुकाट्याने जाणं तिथे विचित्र वाटतं. एक खूण ओळखून ठेवा: भुवया वर करून मान किंचित मागे नेली तर त्याचा अर्थ नाही.

काफेनिओ म्हणजे गावातलं चहा-कॉफीचं ठिकाण. तिथे एका ग्रीक कॉफीवर तासभर बसलात तरी कुणी उठवत नाही. बिल मागितल्याशिवाय येत नाही. बहुतेक ठिकाणी कार्ड चालतं, पण वादळात वीज किंवा नेटवर्क गेलं तर पंचाईत होते, म्हणून चार दिवस पुरेल एवढी रोकड जवळ असू द्या. एटीएम बेटावर मोजकीच आहेत.

पायरी 8: जेवण, विशेषतः शाकाहारी मंडळींसाठी

आमोर्गोसवर शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, आणि त्याचं कारण धार्मिक आहे. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक वर्षातले कितीतरी दिवस उपास पाळतात आणि त्या दिवसांत मांस, दूध, अंडी वर्ज्य असतात. त्यामुळे निव्वळ भाज्या, डाळी आणि ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या पदार्थांची मोठी परंपरा आहे. या उपासाच्या पदार्थांना निस्तिसिमा म्हणतात. सावधगिरी एवढीच की त्या उपासात शिंपले, माकूळ, ऑक्टोपस चालतात. म्हणून नुसतं निस्तिसिमो म्हणून थांबू नका. खोरिस क्रेआस, खोरिस प्सारी, खोरिस थालासिना म्हणा: मांस नको, मासे नकोत, समुद्रातलं काहीच नको.

सुरुवात फाव्यापासून करा. सोललेल्या पिवळ्या डाळीचं घट्ट गोळा-वरणच म्हणा, वर ऑलिव्ह तेल, लिंबू आणि कच्चा कांदा. या बेटावर ती स्थानिक वाटाण्याच्या डाळीची करतात. कांदा खात नसाल तर आधीच विचारा, वरून तर असतोच, बहुधा शिजवतानाही घालतात. मग गिगांटेस म्हणजे टोमॅटोत भाजलेला मोठा पांढरा राजमा, बटाटा-वांगं-दोडक्यासारख्या भाज्यांचं ओव्हनमधलं ब्रिआम, भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरच्या म्हणजे येमिस्ता. येमिस्ता खिमा घालूनही करतात, तेव्हा विचारा. खोर्टा म्हणजे उकडलेली रानभाजी, तेल-लिंबू घातलेली. मेमध्ये ती खास चांगली मिळते. कोलोकिथोकेफ्तेदेस ही कोवळ्या झुकिनीची भजी बहुधा अंडं घालून करतात. आणि पारंपरिक फेटा चीज प्राणिज रेनेट (दूध गोठवणारं द्रव्य) वापरून बनतं, काटेकोर शाकाहारी असाल तर हे माहीत असावं.

मांसाहार करणाऱ्यांनी पाताताटो चुकवू नये. करडाचं किंवा मेंढीचं मांस आणि बटाटे, मसाल्यात बराच वेळ मंद आचेवर शिजवलेले. सणासमारंभाचा पदार्थ आहे. प्सिमेनी राकी हे बेटाचं पेय: राकी नावाची दारू मध, दालचिनी, लवंग घालून उकळलेली. गोड लागते, पण जपून. गोडात तीळ आणि मधाची पास्तेली.

26 जुलैला आयिआ पारास्केवीच्या दिवशी बेटाच्या दक्षिण भागातल्या आर्केसिनीजवळ आणि 15 ऑगस्टला लांगादाच्या परिसरात पानायिआ एपानोखोरिआनी इथे पानियिरी म्हणजे जत्रा भरते. मोठमोठ्या भांड्यांत रांधलेलं जेवण आल्या-गेल्या सर्वांना वाढतात, मग व्हायोलिन आणि लाउतो वाजतं आणि नाच उजाडेपर्यंत चालतो. त्या तारखांना तिथे असलात तर गर्दीची पर्वा न करता जा.

पायरी 9: चालणं

बेटावर मोटाररस्ता नव्हता तेव्हा गावं दगडी पायवाटांनी जोडलेली होती. खेचरांसाठी बांधलेल्या त्या वाटांना काल्देरिमी म्हणतात. त्या अजून आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी क्रमांकाच्या पाट्याही लावल्या आहेत.

पहिल्या दिवशी फार लांब जाऊ नका. लांगादाच्या जवळच कड्यात बांधलेलं आयिआ त्रिआदा नावाचं छोटं चर्च आहे, तेवढंच. दुसऱ्या दिवशी लांगादा ते थोलारिया ही दरी ओलांडणारी वाट घ्या. मधे स्त्रुम्बोस नावाची जवळजवळ ओसाड पडलेली वाडी लागते, वरच्या अंगाला एपानोखोरिआनीचं चर्च. थोलारियात जेवून खाली एयिआलीत उतरा आणि बसने परत या. ज्यांना आणखी दमायचं आहे त्यांनी लांगादाहून उत्तर-पूर्वेला आयिओस इओआनिस थेओलोगोस या जुन्या चर्चपर्यंत जावं. पुढे स्तावरोसपर्यंत वाट जाते, पण तिथे कडा उघडा आहे. वारा असेल तर थेओलोगोसवरूनच परता.

मुख्य दिवस मात्र खोझोविओटिसाच्या मठासाठी राखून ठेवा.

सकाळच्या बसने खोराला जा. गावाच्या टोकाहून दगडी वाट खाली उतरते आणि एका वळणावर अचानक समोर उभा कडा येतो. समुद्रापासून सुमारे 300 मीटर उंचीवर त्या कड्याला चिकटलेली पांढरीशुभ्र इमारत. आठ मजले, पण जाडी जेमतेम पाच मीटर. मागची भिंत म्हणजे डोंगरच. बायझंटाइन सम्राट अलेक्सिओस कोम्निनोस पहिला याने 1088 मध्ये या मठाला राजाश्रय दिला. परंपरा सांगते की मूर्तिभंजनाच्या काळात पॅलेस्टाइनमधल्या खोझिवा इथून मेरीचं पवित्र चित्र इथे आलं आणि त्यावरूनच मठाला नाव पडलं.

पायऱ्या तीनशेच्या वर आहेत. दरवाजा इतका ठेंगणा की वाकूनच आत जावं लागतं. आतला जिना खडकातून कोरून काढल्यासारखा, अरुंद. एक माणूस चढत असेल तर उतरणाऱ्याने थांबावं. वर छोटं चर्च, मेणबत्त्यांचा आणि धुपाचा वास, आणि एका झरोक्यातून खाली नुसता निळा समुद्र. बाहेर पडताना पाहुण्यांना बसवून लुकुमी नावाची मिठाई, पाणी आणि थोडी प्सिमेनी राकी देण्याची रीत आहे. मठ दुपारी बंद असतो, तेव्हा सकाळी लवकर पोहोचा. आत फोटो काढण्याआधी विचारा, आणि दानपेटीत काहीतरी टाका.

इथून दोन पर्याय. सोपा: मठाखालच्या आयिआ आन्ना किनाऱ्यावर उतरून पोहायचं आणि बसने परत. दुसरा: पालिआ स्त्राता, म्हणजे बेटाची जुनी वाट, क्रमांक 1. ती मठापासून डोंगराच्या कण्यावरून पोटामोस आणि पुढे एयिआलीपर्यंत येते, चार ते पाच तास. वाटेत आस्फोंदिलितिस ही सोडून दिलेली वाडी लागते. तिथल्या दगडांवर एका स्थानिक माणसाने कोरलेली नाचणारी, वाद्यं वाजवणारी साधी माणसं आहेत. घाई न करता शोधा, एकेक सापडत जाते. पुढे डावीकडे निकुरिया बेट पाण्यात पसरलेलं दिसतं. या संपूर्ण वाटेवर सावली नाही आणि पाणी मिळत नाही. माणशी किमान दोन लिटर पाणी, टोपी, खाणं हवंच. जूनच्या मध्यानंतर भर दुपारी ही वाट करू नका, आणि एकट्याने निघालात तर खोलीवर सांगून निघा.

पायरी 10: समुद्र

एयिआलीचा किनारा वाळूचा आणि उथळ, मुलांसाठी उत्तम. त्याच्या पलीकडे चालत गेलं की लेव्रोसोस आणि प्सिली आमोस हे अधिक एकांताचे किनारे. बोटीने निकुरियाला जाता येतं. दक्षिणेकडचा मुरोस आणि अगदी टोकाचा कालोतारितिसा गाडी असेल तरच. कालोतारितिसाच्या वाटेवर 1980 मध्ये किनाऱ्याला लागलेल्या ऑलिंपिया जहाजाचा गंजलेला सांगाडा वरून दिसतो. खडकांवर समुद्री साळू असतात, त्यांचे काटे पायात घुसतात, म्हणून पाण्यातली पादत्राणं घाला. उत्तरेचा वारा जोरात असेल त्या दिवशी दक्षिण बाजूचे किनारे शांत मिळतात.

गाडी एखाद्या दिवसापुरती घ्या, आठवडाभर नको. भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, गाडी रस्त्याच्या उजवीकडून चालते आणि वळणं तीव्र आहेत.

पायरी 11: अडचण आली तर

आणीबाणीचा क्रमांक 112. आरोग्य केंद्र काटापोलात आहे. गंभीर रुग्णाला बेटाबाहेर हलवावं लागतं, म्हणूनच चांगला विमा हा नुसता व्हिसाचा कागद समजू नका.

हा भूकंपाचा प्रदेश आहे. 9 जुलै 1956 रोजी आमोर्गोसजवळ 7 पेक्षा जास्त तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्सुनामी आली. 2025 च्या फेब्रुवारीत सँटोरिनी आणि आमोर्गोसच्या दरम्यान आठवडेच्या आठवडे धक्के बसत होते आणि बेटावर आणीबाणी जाहीर झाली होती. याने घाबरून बेत रद्द करायचं कारण नाही. किनाऱ्यावर असताना जोराचा किंवा लांबलेला धक्का जाणवला तर सूचनेची वाट न पाहता लगेच उंचावर चढा, एवढं घरच्या सगळ्यांना सांगून ठेवा.

पायरी 12: निघताना

परतीच्या बोटीची वेळ आदल्या दिवशी बंदरावरच्या तिकीट कचेरीत पुन्हा विचारा, कारण वाऱ्याचा अंदाज त्यांना सगळ्यात आधी कळतो. बोट पहाटेची आणि काटापोलातून असेल तर शेवटची रात्र काटापोलात काढा. एयिआलीतून असेल तर लांगादाच्या खोलीतून टॅक्सी आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा, बेटावर टॅक्स्या थोड्याच आहेत. घरी न्यायला वाळवलेला ओरेगानो आणि थाइमचा मध घ्या. मधाची बाटली मोठ्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून ठेवा, विमानात हातातल्या सामानात ती जाऊ देत नाहीत.